एकच प्रोजेक्ट, दोन वेगळे रेंडर: हलगीच्या ट्रॅकमधलं ऑटोमेशन कुठं अडकलं होतं

शेजारच्या गावातल्या कॉलेजच्या मुलींचा एक ग्रुप गॅदरिंगच्या आधी महिनाभर माझ्याकडे आला होता. त्यांना ग्रुप डान्ससाठी ट्रॅक हवा होता, त्यात हलगी पाहिजे, संबळ पाहिजे, आणि मध्ये एकदा सगळं शांत होऊन पुन्हा जोरात उसळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मी एफएल स्टुडिओवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरवर, काम करतो. ट्रॅक ११२ बीपीएमला (मिनिटाला ११२ ठोके) बसवला, शेवटच्या १६ बारला (एक बार म्हणजे चार ठोके) वेग १२६ पर्यंत नेला, साधारण ३ मिनिटं २० सेकंदांचं गाणं झालं आणि मुलींना आवडलं. मग स्पर्धेचा नियम कळला की अडीच मिनिटांच्या आत बसवायचं. म्हणून सुरुवातीचे ३२ बार काढून ३३ व्या बारपासून सुरू होणारं छोटं व्हर्जन रेंडर केलं (म्हणजे प्रोजेक्टमधून वाजवता येणारी फाईल काढली), साधारण सव्वादोन मिनिटांचं, आणि रात्रीच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसवरून फोन. "दादा, सुरुवातीची हलगी पांघरुणात घातल्यागत वाटतीया, मागचं सगळं बरोबर वाजतंय बघा."

मी फाईल ऐकली तर खरंच तसं होतं. पहिले १६ बार, म्हणजे साधारण ३४ सेकंद, हलगी-संबळ-किक सगळं दबलेलं, आणि ब्रेक (मधली शांत जागा) आला की तिथून पुढं एकदम ठणठणीत. मी प्रोजेक्ट उघडला, सवयीप्रमाणे आधी सगळं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, कुठंच काही दबलेलं नव्हतं, काहीही न बदलता तेच छोटं व्हर्जन पुन्हा रेंडर केलं आणि ते चक्क बरोबर आलं. ना एक नॉब हलवला, ना एक क्लिप सरकवली, आणि तरी एकाच प्रोजेक्टमधून एका रात्री दबलेली फाईल निघाली आणि दुसऱ्या दिवशी मोकळी. खरी पाठवायची फाईल हातात आली होती, विषय तिथंच सोडता आला असता, पण मला ते सोडवेना. कारण कळल्याशिवाय पुढची फाईल कुठल्या भरवशावर पाठवायची? म्हणून सगळा शोध घेतला आणि तो इथं सविस्तर लिहितोय, कारण ऑटोमेशन, म्हणजे नॉबची हालचाल आधीच आखून ठेवून ती आपोआप होऊ देणं, वापरणाऱ्या बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये हीच गोष्ट लपलेली असते आणि सुरुवातीपासून प्ले दाबत राहिलं तर ती वर्षभर दिसत नाही.

आधी प्रोजेक्ट कसा होता ते सांगतो. हलगी मी गावातल्या तात्यांकडून वाजवून घेतली होती, सॅम्पल पॅकमधली नाही. तात्या पन्नास वर्षं हलगी वाजवतात. रेकॉर्डिंगच्या आधी त्यांनी अंगणात कागद आणि पाचट पेटवून हलगी शेकली, बोटानं टकटक करून बघितली, पुन्हा शेकली, आणि आवाज चढल्यावरच आत आले. जाड टिपरू एका हातात, बारीक काडी दुसऱ्या हातात. पाच-सहा मिनिटं झाली की म्हणायचे, "थांब, थंडावली, शेकून आणतो." कातडं गार झालं की सैल पडतं आणि सूर उतरतो, त्यामुळं एकाच टेकच्या (एका दमातल्या रेकॉर्डिंगच्या) पहिल्या मिनिटातली हलगी आणि पाचव्या मिनिटातली हलगी शेजारी ठेवली तर दोन वेगळी वाद्यं वाटतात. मी आधी विचार केला की चॅनलच्या पिचला ऑटोमेशन लावून उतरलेला सूर हळूहळू वर उचलावा, करून पण बघितलं, पण पिच उचलला की हलगी लहान झाल्यासारखी वाटते, तिचा घेर जातो. ते सोडून दिलं आणि प्रत्येक टेकचं फक्त पहिलं मिनिट-दीड मिनिट वापरलं. ज्याला उपाय वाद्यापाशी आहे त्याला ऑटोमेशन लावू नये असं माझं ठाम मत तिथंच झालं.

त्या टेकचे तुकडे करून एकेक ठोका नोटवर लावला, म्हणजे पॅटर्नमध्ये (गाण्याच्या एका छोट्या तुकड्यात) प्रत्येक ठोका स्वतंत्र. हलगी, संबळ, किक आणि टाळी हे चारही मिक्सरमध्ये एकाच ट्रॅककडं वळवले (इथं ट्रॅक म्हणजे मिक्सरमधली आवाजाची एक वाट), त्या ट्रॅकला नाव दिलं 'ताल', आणि त्यावर फ्रुटी फ्री फिल्टर लो-पासवर ठेवला, म्हणजे वरचे तीक्ष्ण आवाज अडवून खालचे तेवढे जाऊ देणारा. बेस आणि सनईसारखा सिंथ वेगळ्या ट्रॅकवर. बिल्ड-अपमध्ये, म्हणजे जोर हळूहळू चढत जातो त्या भागात, सगळा खेळ 'ताल' वरच्या फिल्टरच्या फ्रीक्वेन्सी नॉबचा. नॉब खाली असताना फक्त गुमगुम ऐकू येते, हळूहळू वर जातो तसा काडीचा कट-कट आवाज बाहेर येतो, आणि पूर्ण उघडला की ड्रॉप, म्हणजे सगळं एकदम जोरात उसळतं ती जागा.

नुसता आवाज वाढवून का नाही भागत, फिल्टरच का, हे मला तात्यांना वाजवताना बघून कळलं. ते हळू वाजवतात तेव्हा हलगी फक्त लहान ऐकू येत नाही, तिचा आवाज मऊही असतो. जोर चढतो तसा ठोक्यातला वरचा कडक भाग वाढत जातो. सगळ्या तालवाद्यांचं असंच आहे, जोरात मारलेल्या ठोक्यात हाय फ्रीक्वेन्सीचा वाटा जास्त असतो. म्हणून व्हॉल्यूमचा फेडर (सरकवायचं बटण) नुसता वर नेला तर कानाला वाटतं कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतंय, आणि लो-पास उघडत नेला तर वाटतं वाजवणारा माणूस चढत चाललाय. हे एकदा डोक्यात बसलं की बिल्ड-अपला काय ऑटोमेट करायचं हा प्रश्नच उरत नाही.

आता ऑटोमेशन ठेवायचं कुठं. एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये फ्रुटीलूप्स या नावानं आलं, २००३ मध्ये एफएल स्टुडिओ हे नाव मिळालं, आणि त्याचा मूळ स्वभाव पॅटर्नचा आहे. त्यामुळं एकाच नॉबची हालचाल त्यात दोन वेगळ्या ठिकाणी राहू शकते. एक, नॉबवर राइट क्लिक करून 'क्रिएट ऑटोमेशन क्लिप' केलं की प्लेलिस्टमध्ये (सगळं गाणं जिथं आडवं मांडलेलं दिसतं) रेषेवाली क्लिप येते, राइट क्लिकनं बिंदू टाकायचे, दोन बिंदूंच्या मधल्या छोट्या गोळ्यानं रेषेला बाक द्यायचा. दोन, रेकॉर्ड चालू ठेवून नॉब हातानं फिरवला की ती हालचाल इव्हेंट म्हणून त्या वेळी निवडलेल्या पॅटर्नच्या आत जाऊन बसते. क्लिप डोळ्यासमोर राहते. पॅटर्नमधली हालचाल मात्र पॅटर्नच्या पोटात असते, वरून बघितलं तर एखादी बारीक रेघ दिसते एवढंच, नोटांच्या गर्दीत ती पण नजरेतून सुटते.

माझ्या प्लेलिस्टमध्ये फिल्टरच्या दोन क्लिपा होत्या. पहिली १ ते १६ बार, म्हणजे इंट्रो आणि पहिला बिल्ड-अप. दुसरी ४९ ते ६४, म्हणजे ब्रेक आणि दुसरा बिल्ड-अप. मधले १७ ते ४८ आणि शेवटचे ६५ नंतरचे बार मोकळे, कारण तिथं फिल्टर उघडाच असतो, काही बदलायचंच नाही तर क्लिप कशाला, प्लेलिस्ट स्वच्छ दिसावी म्हणून मीच रिकाम्या भागातल्या क्लिपा कापून टाकल्या होत्या. सगळा घोळ नेमका त्या मोकळ्या जागेत होता.

क्लिप जिथं आहे तिथंच ती नॉबला सांगते की तू आता अमुक ठिकाणी राहा. क्लिप संपली की नॉब शेवटच्या जागी थांबतो आणि त्याला परत कुणी काही सांगेपर्यंत तिथंच राहतो. गाणं थांबवलं तरी तिथंच राहतो. तो आधीच्या बारमध्ये कुठं असायला हवा होता हे मागं जाऊन बघत नाही. सुरुवातीपासून प्ले केलं की पहिली क्लिप त्याला बंद करून उघडत आणते, १७ व्या बारला तो उघडा असतो, ४८ पर्यंत उघडाच राहतो, सगळं बरोबर. पण ३३ व्या बारपासून सुरू केलं तर तिथं त्याला सांगणारं कुणी नाही, मग शेवटचं प्लेबॅक जिथं थांबवलं होतं तिथला आकडा घेऊनच तो सुरू होतो.

हे मला कळलं ते हिंट पॅनलमुळं, डाव्या कोपऱ्यात वर जिथं नॉबचं नाव आणि आकडा दिसतो. मी ५२ व्या बारला, म्हणजे ब्रेकच्या मधोमध, गाणं थांबवलं, मग ३३ वर जाऊन प्ले केलं. दबलेलं. नॉबवर माऊस नेला तर २१ टक्के. मग ९० व्या बारला थांबवलं आणि पुन्हा ३३ वरून प्ले केलं. मोकळं, १०० टक्के. तोच बार, त्याच क्लिपा, फक्त आधी कुठं थांबलो होतो तेवढा फरक आणि आवाज दोन. पहिल्या रात्री रेंडर करण्याआधी मी ब्रेकमधला क्रॅश (झांजेचा आवाज) ऐकून बघत होतो आणि तिथंच थांबवून एक्सपोर्ट दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी शेवटपर्यंत ऐकून एक्सपोर्ट केलं. दोन फायलींमधला फरक एवढाच.

मी हे पाच-सहा वेळा फिरवून फिरवून बघितलं, वेगवेगळ्या जागी थांबवून, कारण एकदा जुळलं म्हणजे कारण सापडलं असं नसतं. दर वेळी तेच झालं. नॉब ज्या आकड्यावर सोडला त्याच आकड्यावर ३३ वा बार सुरू. तेव्हा खात्री पटली.

उपाय दोन आहेत. पहिला, नॉब हवा त्या जागी ठेवून राइट क्लिकमधून 'इनिट साँग विथ धिस पोझिशन' करायचं, म्हणजे गाणं सुरुवातीपासून लागलं की नॉब आधी त्या जागी येतो. हे चांगलं आहे, पण ते गाण्याच्या सुरुवातीसाठी आहे, मधूनच सिलेक्शन करून काम करताना त्याच्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही. दुसरा उपाय मी वापरला: दोन क्लिपांच्या जागी एकच क्लिप, गाण्याच्या पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत अखंड. जिथं काही बदलत नाही तिथं सरळ आडवी रेषा. ती आडवी रेषा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण नॉब इथं १०० वरच पाहिजे हे तीच सांगत असते. प्लेलिस्टमध्ये एक लांब पट्टा दिसतो, थोडी गर्दी होते, मला आता ती गर्दी आवडते. कुठंही क्लिक करून प्ले करा, नॉब टुणकन आपल्या जागी येतो.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली. नवीन अखंड क्लिप लावल्यावर दुसऱ्या बिल्ड-अपमध्ये, ५७ ते ६४ बारला, फिल्टर फडफडायला लागला. आधीही थोडा फडफडत असणार, पण मी त्याला संबळाचा रोल समजत होतो. नॉब सरळ वर जायच्या ऐवजी थरथरत वर जात होता, स्क्रीनवर पण दिसत होता. ब्राउझरमध्ये करंट प्रोजेक्ट उघडून पॅटर्न बघितले तर चौथ्या पॅटर्नमध्ये, म्हणजे दुसऱ्या बिल्ड-अपमध्येच वाजणाऱ्या संबळाच्या, फिल्टर फ्रीक्वेन्सीचे इव्हेंट बसलेले. सुरुवातीच्या दिवसात मी एकदा रेकॉर्ड चालू ठेवून हातानं नॉब फिरवून बघितला होता, तेव्हा निवडलेला पॅटर्न संबळाचा होता, म्हणून हालचाल त्याच्या पोटात गेली. पुढं संबळाचा पॅटर्न जिथं जिथं वाजेल तिथं तिथं तो नॉब ओढणार, आणि बिल्ड-अपमध्ये क्लिप पण ओढणार. दोघं मिळून एका नॉबला दोन दिशांना ओढत होते.

म्हणून आता मी कुठल्याही नॉबला क्लिप लावण्याआधी बघतो की त्याचे इव्हेंट कुठल्या पॅटर्नमध्ये आधीच आहेत का. आणि रेकॉर्ड बटणावर राइट क्लिक करून काय काय रेकॉर्ड होणार ते ठरवता येतं, नोटा रेकॉर्ड करायच्या असतील तर ऑटोमेशनची खूण काढून ठेवायची. मिडी कीबोर्डचा (कॉम्प्युटरला जोडलेल्या पेटीसारख्या कीबोर्डचा) एखादा नॉब लिंक केलेला असेल तर तर नक्कीच, कारण वाजवताना कोपर लागला तरी हालचाल नोंदली जाते.

पण ते हातानं रेकॉर्ड केलेले इव्हेंट मी लगेच उडवले नाहीत. इव्हेंट एडिटरमध्ये उघडून बघितले. माझ्या काढलेल्या क्लिपमध्ये ८ बारमध्ये खालून वर एक छान गुळगुळीत बाक होता, बघायला सुंदर. हाताची रेषा वेगळी होती: आधी पटकन थोडी वर, मग दोन तृतीयांशाच्या आसपास अडखळलेली, जवळपास थांबलेली, थोडीशी खाली पण आलेली, आणि शेवटच्या दीड बारात झपकन वर. डोळे मिटून दोन्ही ऐकले. हाताचीच भारी. गुळगुळीत बाकाला कान पहिल्या तीन बारातच ओळखतो, त्याला कळतं की आता हे असंच वर जाणार, आणि ड्रॉप येईपर्यंत तो तिथं आधीच पोचलेला असतो. हाताची रेषा मध्ये थांबते तेव्हा कान पण थांबतो.

१९७० च्या दशकात नीव्ह कंपनीच्या मिक्सर टेबलांवर फेडर स्वतःहून हलायला लागले त्याच्या आधी मोठ्या स्टुडिओत मिक्सिंगला तीन-चार माणसं टेबलावर वाकून उभी राहायची, कुणाच्या हातात कुठला फेडर आणि कुठल्या शब्दाला तो हलवायचा हे ठरलेलं, आणि एक चुकला की टेप मागं घेऊन पुन्हा पहिल्यापासून. आपल्या मुंबईत १९८२ मध्ये वादक चरणजित सिंग यांनी रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ अशी यंत्रं घेऊन राग वाजवले, त्यातल्या टीबी-३०३ चा कटऑफ (फिल्टरचा नॉब) फिरवणारा पण माणसाचा हातच. मी जुनं ते सोनं म्हणत नाहीये, मला माझ्या क्लिपा हव्यात, पण क्लिप ही हाताच्या जागी आलेली गोष्ट आहे आणि हात कसा चालतो ते तिच्यात उतरायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इव्हेंट एडिटरच्या मेन्यूतून त्या हालचालीची ऑटोमेशन क्लिप बनवता येते, मी बनवली, पण त्यात बिंदूंचा नुसता पाऊस असतो, एडिट करायला अशक्य. म्हणून ती समोर ठेवून अखंड क्लिपमध्ये ५ बिंदूंत तोच आकार पुन्हा काढला. पहिला बिंदू ५७ व्या बारला खाली. दुसरा ५९ च्या शेवटी बऱ्यापैकी वर, बाक असा की सुरुवातीला वेग जास्त. तिसरा ६१ च्या मध्यावर, किंचित वर. चौथा ६२ च्या मध्यावर, तिसऱ्यापेक्षा किंचित खाली. पाचवा ६५ च्या तोंडाशी १०० टक्के, आणि इथला बाक उलटा, म्हणजे बराच वेळ खाली रेंगाळून शेवटी उसळणारा. बिंदू ग्रिडला (स्क्रीनवरच्या वेळेच्या समान खुणांना) चिकटतात तेव्हा आल्ट दाबून सरकवले, कारण तात्यांचा ठोका ग्रिडवर नव्हता आणि थांबा पण ग्रिडवर नको होता. मग पॅटर्नमधले इव्हेंट काढून टाकले, फडफड गेली.

नॉब खाली किती न्यायचा हा प्रश्न मात्र स्टुडिओत नाही सुटला, प्रॅक्टिसच्या हॉलवर सुटला. माझ्या मॉनिटर स्पीकरवर २५० हर्ट्झच्या आसपास बंद केलेला फिल्टर मस्त वाटायचा, छातीत गुमगुमायचं. मुली प्रॅक्टिस करायच्या मोबाइलवर, फार तर एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर. मोबाइलच्या स्पीकरमधून एवढ्या खालचा आवाज जवळपास येतच नाही, त्यामुळं ब्रेकमध्ये त्यांच्यासाठी ताल गायबच व्हायचा, चार-पाच बार नुसता सिंथ, आणि ड्रॉपला अर्ध्या मुली आधी उडी मारायच्या अर्ध्या नंतर. एक मुलगी म्हणाली, "दादा, मोजायला काहीतरी ठेवा की मध्ये." तिनं सांगितलं म्हणून सुचलं. खालची मर्यादा ६०० हर्ट्झच्या आसपास आणली, आणि टाळीला 'ताल' ट्रॅकमधून काढून वेगळ्या ट्रॅकवर नेलं, म्हणजे फिल्टर बंद असला तरी टाळी पूर्ण आवाजात चालू. आता फोनवर पण मोजता येत होतं. नाचासाठी ट्रॅक बनवताना हे पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे की प्रॅक्टिस कशावर करणार.

आवाजाचं पण एक सांगतो, कारण हा आकडा माहीत नसला तर हमखास फसायला होतं. ड्रॉप आदळावा म्हणून बिल्ड-अपमध्ये 'ताल' दोनेक डीबी (डेसिबल) खाली न्यायचा आणि ड्रॉपला मूळ जागी आणायचा असं ठरवलं. मिक्सरच्या फेडरवर क्लिप बनवली, बिल्ड-अपला खाली नेला आणि ड्रॉपला बिंदू वर, पूर्ण वर, अगदी छताला लावला. मनात हिशोब असा की १०० टक्के म्हणजे मूळ आवाज. एफएलच्या मिक्सरमध्ये फेडर शून्य डीबीच्याही वर जातो, पार ५.६ डीबीपर्यंत, आणि क्लिपचं छत म्हणजे ते ५.६. शून्य डीबी क्लिपमध्ये ८० टक्क्यांवर येतो. म्हणजे ड्रॉपला हलगी मूळ जागी येण्याऐवजी साडेपाच डीबी वर गेली, मास्टर (सगळ्या आवाजाचा शेवटचा मीटर) लाल झाला, आणि पहिल्या सेकंदाला मला ते भारी पण वाटलं, कारण मोठा आवाज नेहमी भारीच वाटतो. दुसऱ्या ऐकण्यात टिपरूचा ठोका फाटलेला ऐकू आला.

म्हणून फेडरच्या नॉबवर आधी 'कॉपी व्हॅल्यू' करायचं आणि बिंदूवर तो आकडा पेस्ट करायचा, डोळ्यानं रेषा लावत बसायचं नाही. आणि त्याहून बरं म्हणजे फेडरला क्लिप लावायचीच नाही. फेडरला क्लिप असली की नंतर मिक्स करताना 'ताल' एक डीबी कमी करायचा म्हटलं तरी क्लिप त्याला परत ओढून नेते. मी ट्रॅकवर फ्रुटी बॅलन्स (आवाज कमी-जास्त करणारं छोटं साधन) टाकला, बिल्ड-अपची खाली-वर त्याच्या व्हॉल्यूम नॉबवर नेली, आणि फेडर मिक्ससाठी मोकळा सोडला.

शेवटच्या १६ बारचा वेग वाढवताना पण हीच आकड्याची गोष्ट कामाला आली. टेम्पोची क्लिप बनवली की तिच्यात १० पासून ५२२ बीपीएमपर्यंतचा सगळा पल्ला मावतो, त्यामुळं ११२ आणि १२६ मधला फरक क्लिपमध्ये केसभर दिसतो, माऊसनं लावायला गेलं तर ११८ वर नाहीतर १३९ वर. टेम्पो १२६ ला ठेवून कॉपी, बिंदूवर पेस्ट, ११२ ला ठेवून कॉपी, आधीच्या बिंदूवर पेस्ट. वेग एकदम न बदलता दोन बारांत चढवला. हलगीचे ठोके सुटे नोटवर होते म्हणून वेगासोबत आपोआप जवळ आले, सूर बदलला नाही. अखंड ऑडिओ टेक ठेवला असता तर इथं वेगळीच मारामारी झाली असती.

पाठवायच्या आधी या वेळी मुद्दाम वाईट जागा निवडली. ५२ व्या बारला, फिल्टर तळाला असताना, टाळी तेवढी वाजत असताना गाणं थांबवलं, तिथून सरळ ३३ पासून रेंडर केलं, फाईल फोनवर टाकून ऐकली. पहिल्या ठोक्यापासून काडीचा आवाज लख्ख. मग ९० ला थांबवून पुन्हा रेंडर केलं, दोन्ही फाईल प्लेलिस्टमध्ये एकाखाली एक ठेवून वेव्हफॉर्म बघितला, फरक दिसला नाही. मग पाठवली.

गॅदरिंगला तात्यांना घेऊन गेलो होतो. मैदानात मोठे स्पीकर, पुढं पोरांचा कल्ला. ब्रेक आला, फक्त टाळी राहिली, हलगी खालून वर यायला लागली, आणि ६१-६२ व्या बारला ती जराशी थबकली तेव्हा समोरच्या रांगेतल्या पोरांच्या शिट्ट्या पण थबकल्या आणि मग ड्रॉपला सगळं मैदान एकदम उठलं. मुली एका ठोक्यावर पडल्या, एक पण मागं-पुढं नाही.

दोन दिवसांनी तात्या घरी आले, म्हणाले, "ते मशीनमधलं दाखव की, कसं काय चढवलंस." मी प्रोजेक्ट उघडून ती लांब क्लिप दाखवली, दुसरा बिल्ड-अप मोठा करून समोर आणला. रेषा वाचता येईना म्हणून त्यांनी मला ती वाजवून दाखवायला लावली, तीनदा. तिसऱ्यांदा वाजत असताना स्क्रीनवर बोट ठेवलं, बरोबर चौथ्या बिंदूवर, जिथं रेषा किंचित खाली येते. म्हणाले, "हितं मी दम घेतो."